पाण्याचा आठवडा

— नको, नको, उठवू नकोस तिला, आत्ताच डोळा लागलाय. दारातून पाहिलंस ना? पाहिलंस. झोपलीय. म्हणजे बसल्या बसल्याच झोपते हल्ली, पाठीला तीन उशा लावून, आडवं झालं की धाप लागते — पण झोपलीय, ते महत्त्वाचं. बस तू. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतो, इकडे बस. चहा टाकू? मला येतो गं करता, आईला विचार तुझ्या — उठल्यावर विचार — ती म्हणेल, 'ठीक असतो.' तिच्या तोंडून 'ठीक' निघणं म्हणजे काय, ते तुला मी काय सांगायचं, तू तिचीच मुलगी. अठ्ठावीस वर्षं मुख्याध्यापिका होती आणि एकाही पोराच्या वहीवर तिने कधी 'उत्तम' लिहिलं नाही. मी तर घरचाच विद्यार्थी. सात वर्षांनी धाकटा भाऊ. आज एकाहत्तर वर्षांचा आहे मी आणि अजून ताईसमोर बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवून घेतो. आता तुझ्यासमोरही घेतोय, बघ. तू तिच्यासारखीच बसतेस. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. असं बसलेलं माणूस आता उठेल का मग उठेल, काही कळत नाही.

वास? येतोय ना? छान आहे ना? सगळेच छान म्हणतात. परवा पार्सलवाला आला होता, तो दारातच थांबला आणि म्हणाला, आजोबा, तुमच्या घरी आलं की जंगलात आल्यासारखं वाटतं. पाइन आहे त्यात, देवदार आहे, निलगिरी अगदी थोडी, मी स्वतः मिसळतो. तुला आठवतं का गं भिंगरे — भिंगरीच म्हणायचो ना आम्ही तुला, एका जागी उभी राहायची नाहीस — एकदा सुट्टीत माझ्या प्रयोगशाळेत आली होतीस? झाडांच्या फांद्यांना पारदर्शक पिशव्या बांधलेल्या बघून विचारलंस, 'मामा, झाडांना ताप आलाय का?' मी ते सगळ्या ऑफिसात सांगितलं होतं. एकतीस वर्षं तेच केलं मी. फांदीला पिशवी बांधायची आणि झाड हवेत जे सोडतं ते नळीत ओढून घ्यायचं. आता झाडं ते आपल्यासाठी सोडत नाहीत हां, हे मी प्रत्येक व्याख्यानात आधी सांगायचो. किडीला हाकलायला सोडतात, बुरशीला हाकलायला सोडतात. स्वतःचा बंदोबस्त. आपण मधे नाक घालतो. पण माणसाला त्याचा फायदा होतो — होतो असं दिसतं — तास-दोन तास जंगलात चाललेल्या माणसाची नाडी सावकाश होते, झोप चांगली लागते, रक्तातल्या लढाऊ पेशी काही दिवस वाढलेल्या दिसतात. आणि जंतू त्या वाफेने मरतात. बशीत. काचेच्या बशीत मरतात. माणसात काय होतं ते निराळं. मी अहवालात नेहमी 'बशीत' हा शब्द घालायचो आणि साहेब नेहमी तो खोडायचे. मग मी पुन्हा घालायचो. म्हणून ऑफिसात माझं नाव 'कदाचित' पडलं होतं. 'कदाचित आले का?' 'कदाचित जेवायला गेलेत.' शिपायापासून सगळे. मला राग नाही आला कधी. बरोबरच होतं त्यांचं. एकदा मी चारशे वनरक्षकांच्या आजारपणाच्या रजा तपासल्या. शहरातल्या कारकुनांपेक्षा निम्म्या! निम्म्या, भिंगरे! महिनाभर मी हवेत होतो. मग मनात आलं, वनरक्षक म्हणून मुळात धडधाकट माणसंच घेतात. झालं. कागद पेटीत. आजतागायत पेटीत.

घड्याळ बघू नकोस गं सारखी. सव्वाचारची गाडी ना? अजून तास आहे. स्टँड इथून सात मिनिटांवर, मी चालून मोजलंय.

तर ताई इथे आली सहा वर्षांपूर्वी, तुला माहीतच आहे. तुझे वडील गेल्यावर तिला ते तीन जिने होईनात. छाती तिची आधीपासून नाजूक, खडूची धूळ खाल्लेली. तू म्हणालीस, मामाकडे राहू दे, मामाचं घर तळमजल्यावर आहे, मामा एकटाच आहे. म्हणालीस ना? म्हणालीस. मी दोष देत नाही. उलट — तुला खरं सांगू का, मला आनंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काहीतरी होतं जे तिला हवं होतं आणि तिच्याकडे नव्हतं. जंगलात तिला नेणं शक्य नाही, चालवत नाही तिला. मग जंगल खोलीत आणायचं. एवढं साधं. एक छोटं यंत्र मिळतं, पाण्यात तेलाचे थेंब टाकले की त्याचं धुकं करतं. ते ठेवलं तिच्या उशाशी. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीच्या फटींना रबराची पट्टी लावली. आणि हवा स्वच्छ राहावी म्हणून दुसरं एक यंत्र, निळ्या दिव्याचं, हवा शुद्ध करायचं. ते थोडं करकरतं. तिला करकर आवडत नाही. तिला काय आवडतं?

हो, खोकला आहे. ऐकू येतो ना मधून मधून. झोपेतही येतो. नाही, नाही, बस, हा जागं होण्याचा खोकला नाही, मला कळतात सगळे निरनिराळे.

आता तू औषधाच्या दुकानात बसतेस, तुला कळेल मी काय म्हणतो ते. एखाद्या उपायाचा गुण आला असं नुसतं म्हणून चालत नाही. तुलना लागते. म्हणून मी आठवडे पाडले. तीन आठवडे तेलाचे, एक आठवडा पाण्याचा. पाण्याच्या आठवड्यात यंत्रात नुसतं पाणी. आणि रोज सकाळी सहा, संध्याकाळी सहा, ती नळी फुंकायची. ती प्लास्टिकची, बाण सरकतो ती, बाण जितका वर तितकी छाती मोकळी, तुमच्या दुकानात असते. ताई तिला फुंकणी म्हणते. 'आण तुझी फुंकणी.' ही बघ वही. ह्या रेघा तिनेच मारल्यात, लाल पेन्सिलीने, माझ्या रेघा तिला वाकड्या वाटतात. सरासरीसुद्धा तीच तपासते. ही बघ, इथे माझी बेरीज चुकली होती, तिने गोल केलाय. तर — बघ ना. तेल, एकशेसाठ. तेल, एकशेपन्नास. तेल, एकशेपन्नास. पाणी, दोनशेसाठ. मग पुन्हा तेल — खाली. पुन्हा पाणी — वर. पाण्याच्या आठवड्यात चौथ्या दिवसापासून ती फाटकापर्यंत चालत जाते. शेजारच्या बाईंना हाका मारते. शब्दकोडं सोडवते आणि मला विचारते, मग मी सांगायच्या आतच लिहून मोकळी होते. जेवते.

काय बघतेस? मला दिसतं गं. मला आकडे वाचता येतात, एकतीस वर्षं तेच केलंय. पण पहिल्या फेरीनंतर काय म्हणणार? तेव्हा हवाही बदलत होती. एका फेरीवर विश्वास ठेवायचा नसतो. दुसऱ्या फेरीत तिचं जुनं इन्हेलर संपून नवं आलं होतं. म्हणजे दुसरी फेरीही गेली. आणि दुसऱ्या फेरीनंतर ती मला म्हणाली — इथेच, तू बसलीयस तिथेच बसून — म्हणाली, 'हे तुझ्या वासाने होतंय. बंद कर.' असं. 'मला वाटतं' नाही, 'बघ बरं' नाही. शाळेत म्हणायची तसं. चूक, पुन्हा लिही. मी नऊ वर्षांचा असताना तिने माझा जंगलावरचा निबंध सहा वेळा लिहायला लावला होता, आणि सहाव्यांदा म्हणाली, 'ठीक.' तर मी म्हटलं, ताई, एक फेरी अजून. तेवढ्यावर नाही सांगता येणार. ती म्हणाली, 'तुला कधीच काही सांगता येणार नाही.' म्हणाली ना! आता तूच सांग — नाही, सांगू नकोस. असो.

सातवी. आता सातवी फेरी चालू आहे. वर्ष होत आलं, मधे दोनदा खंड पडला म्हणून.

नाही, समजतं मला. मी काही राक्षस नाही. मी एक लेखही पाठवला होता, चौथ्या फेरीनंतर. शीर्षकात प्रश्नचिन्ह घातलं होतं, नेहमीसारखं. परत आला. ज्याने तपासला त्या माणसाने दोन ओळींत लिहिलं होतं — तो हवा शुद्ध करायचा डबा ओझोन सोडतो, आणि बंद खोलीत ओझोन आणि हे सुगंधी पदार्थ एकत्र आले की त्यातून बारीक धूळ आणि फॉर्मेलिनसारखं काहीबाही तयार होतं, दुखऱ्या छातीला ते वाईट; लेखकाने हा विचार केलेला दिसत नाही. वाचलं मी. दहादा वाचलं. बरोबर होतं त्याचं. कदाचित. उघड्या जंगलात ही अडचण नाही, तिथे वारा असतो. जंगलाचा काही दोष नाही यात, हे मला आवर्जून म्हणायचंय. पण यंत्र बंद कसं करणार? तू विचार कर ना. चार फेऱ्या त्या डब्यासकट झालेल्या. मधेच डबा काढला तर आधीचं सगळं वाया. तिने इतकं सोसलेलं वाया. मला ते तिच्यावर अन्याय केल्यासारखं वाटलं.

हस, हस. हसली नाहीस? मला वाटलं हसलीस.

डॉक्टर येतात की. येतात अधूनमधून. ते येणार असले की मी खिडकी उघडतो, दोन्ही यंत्रं कपाटात ठेवतो, उगाच गोंधळ नको. आणि मागच्या वेळी काय म्हणाले माहितीये? 'वा, प्रसन्न वास येतो हो तुमच्याकडे.' ताईकडे बघून म्हणाले, 'नशीबवान आहात, असा भाऊ सांभाळतोय.' ताई बोलू शकली नाही, धाप होती. नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला बोलता येत नाही आणि मी बोलतोय, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं गं. मी डॉक्टरांशी बराच वेळ बोललो त्या दिवशी.

आणि एक सांगू? हे वहीत नाही. पाण्याच्या आठवड्याचा शेवटचा दिवस असतो ना, रविवार, संध्याकाळचं फुंकून झालं की तिला कळतं, आता उद्यापासून.  विनवण्या तर तिने जन्मात कोणाच्या केल्या नाहीत. नुसती हाताची घडी घालून बसते आणि मी बाटलीचं बूच काढतो ते बघते. त्या वेळी तिचा चेहरा — कसा सांगू — परीक्षेच्या वर्गात मुलं बसतात ना, पेपर हातात यायच्या आधी, तसा. आणि मला त्या वेळी, अगदी थोडंसं, एक-दोन मिनिटं, बरं वाटतं. मग फार वाईट वाटतं. पण आधी बरं वाटतं. मी ते तपासून पाहिलंय, दर वेळी क्रम तोच असतो.

ऊन येतंय का तोंडावर? पडदा ओढू? बरं.

आता तुला वाटेल, एवढं दिसत असताना मामाला शंका तरी कसली. शंका एकच होती. तिला वास येतो. म्हणजे तेल चालू आहे की पाणी, हे तिला आधीच ठाऊक असतं. आणि ताईचं मन — तिने एकदा ठरवलं की ही वस्तू वाईट, की तिची छातीसुद्धा तिचंच ऐकणार. हे नको का तपासायला? पण वास लपवायचा कसा? मार्ग नव्हता. मग गेल्या महिन्यात तिला सर्दी झाली. सणसणीत. कांदा नाकाशी धरला तरी कळेना. अशी संधी रोज नाही येत, भिंगरे. पाण्याचाच आठवडा होता. मी तिला यंत्र उघडून दाखवलं, बघ, नुसतं पाणी. ती खूश झाली. खरंच खूश झाली, म्हणाली, या खेपेला मी बाहेरच्या बाकापर्यंत जाणार. आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन थेंब टाकले.

हो.

चार दिवस. तिला वाटत होतं पाणी आहे. चौथ्या दिवशी दुपारी ओठ निळे पडले. फुंकणीचा बाण जेमतेम ऐंशीवर. ती नळी हातात धरून माझ्याकडे बघत होती आणि तुटक तुटक म्हणत होती, 'असं कसं — पाणी — आहे ना — असं कसं.' तिला काही समजेना, आणि तिला न समजलेली गोष्ट मी पहिल्यांदाच पाहत होतो. डॉक्टरांनी येऊन सुई दिली, सावरली. मी तिला सांगितलं नाही. तिला आता वाटतं, तिची छातीच संपत आली. वासाला दोष देणं तिने बंद केलंय. परवा तर म्हणाली — मी उभाच्या उभा गार पडलो — म्हणाली, 'तुझं बरोबर असेल.' तिच्या तोंडून! बासष्ट वर्षं मी ज्या शब्दांची वाट बघितली ते मिळाले, आणि ते खोटे आहेत हे जगात एकट्या मला माहीत.

आता तुलाही.

तर तुझ्या मनात असेल, इतकं झाल्यावर मामा थांबला का नाही. पण हे एकदाच झालंय ना! एकदाच. सर्दीने स्वतःनेच छाती बिघडली असेल. मला ठरवता येत नाही. मला कधीच ठरवता आलं नाही, म्हणून तर — म्हणून तर मी तुझं ते पत्र टपालपेटीत टाकलं. म्हणजे तिचं, तुला लिहिलेलं. 'ये आणि मला घेऊन जा.' तिने मला टाकायला दिलं होतं. मी उघडून वाचलं, हो, वाचलं, आणि दोन आठवडे कोटाच्या खिशात घेऊन फिरलो. फाडता आलं असतं. नाही फाडलं. मनात म्हटलं, भिंगरी येईल. औषधातलं कळणारी पोर आहे, तिच्या आईची मुलगी आहे, दारातून आत पाऊल टाकलं की वास घेईल, डबा बघेल आणि म्हणेल, मामा, चूक. आणि घेऊन जाईल. बस. कोणीतरी म्हणायला हवं होतं. म्हणून आल्या आल्या तुला सगळं सांगायचं ठरवलं होतं. चहाही विसरलो बघ.

ती कोपऱ्यातली तिची बॅग आहे. कालच भरून ठेवलीय मी. स्वेटर वर ठेवलाय, गाडीत वारा लागतो. औषधं बाजूच्या कप्प्यात. खिडकीची जागा घे तिच्यासाठी, काच उघडी ठेव, गावाबाहेर पडेपर्यंतच बरं वाटायला लागेल तिला. हां, ऊठ. ऊठ. आधी खांद्याला हात लाव, एकदम हाक मारू नकोस, दचकते. मी रिक्षा बघतो —

तिकडे नाही गं, खोली इकडे आहे. तिकडे चपला आहेत.

हो... हो, दोनच खोल्या आहेत तुमच्या. माहीत आहे मला. हो, जावईबापूंचा स्वभावही माहीत आहे. पोराची परीक्षा — बरोबर. तुझी दुकानातली वेळ, दुपारी तिच्याजवळ कोण बसणार — बरोबर आहे, सगळं बरोबर आहे, मी कुठे नाही म्हणतो. उन्हाळ्यात बघू म्हणतेस. बघू ना. बघू. पण उठवू का तिला दोन मिनिटं? तुझं तोंड तरी — नको? बरं. नाही उठवत. तू येऊन गेलीस म्हणून सांगू? नको म्हणतेस. तिला उगाच आशा लागेल. खरंय. तेही खरंय.

थांब, एकच सांगून जा. तू तिला दारातून पाहिलंस, वास घेतलास, वही पाहिलीस, सर्दीचंही ऐकलंस. आणि तरी तिला इथेच ठेवून चाललीस. म्हणजे तुला तितकं काही वाटलं नाही. वाटलं असतं तर तू एक मिनिटही ठेवली नसतीस, पोटची मुलगी तू. नाही ना? म्हणजे मी उगाच घाबरत होतो. हेही एक निरीक्षणच झालं, आणि तेही जाणकार माणसाचं. बरं झालं आलीस. मोठं ओझं उतरवलंस माझं.

जा आता, जा. आणि ते फाटक नीट लाव, ताईचं सहाचं फुंकायचं राहिलंय अजून.